तळ्याचे सरकलेले दगड

"टेप ताणून धर, ढब्ब्या!" खारू विहिरीपाशी वाकून ओरडली.

"एकतीस मीटर!" तिचा मावसभाऊ तिकडून म्हणाला.

मोजणी कचेरीतल्या नकाशात विहिरीपासून तळ्याच्या हद्दीचा दगड चाळीस मीटरवर होता. म्हणजे दगड सरकले होते, आणि नऊ मीटर जमीन बिल्डरच्या बाजूला गेली होती.

पण खारूला आनंद होईना. परवा तिने मावशीच्या फोनवरून वस्तीच्या ग्रुपवर बेधडक लिहिलं होतं, 'मोजणीदारांनी तळं बिल्डरला विकलं.' मागे सरकारी मोजणीच्या वेळी दगड रोवताना तिने मोजणीदारकाकांना पाहिलं होतं, बाकीचं मनाने जोडलं. संध्याकाळपर्यंत ते वस्तीभर झालं. नव्या नियमाप्रमाणे ग्रुप चालवणाऱ्यावर जबाबदारी, आणि ग्रुप मावशीचा, म्हणून तिला कचेरीतून नोटीस आली. शिलाई मशीन थांबवून मावशी नोटीस घेऊन आलेल्या कारकुनाला एवढंच म्हणाली, की फोन माझा, लिहिलेलंही माझंच. कोणी लिहिलं, हे तिने घरात विचारलंसुद्धा नाही.

ढब्ब्याने हाक मारली. चाळीस मीटरवर नुकताच बुजवलेला खड्डा होता आणि तिथून दगडापर्यंत जेसीबीच्या चाकांचे माग. जेसीबीवाल्याला गाठलं, तर त्याने सरळ सांगून टाकलं, की ट्रकला वाट हवी म्हणून बिल्डरच्या मुकादमाने दगड हलवायला लावले. मोजणीदारांचा त्यात काही संबंधच नव्हता.

दोघं तडक कचेरीत गेली. खारूने साहेबांपुढे मापांचा कागद ठेवला.

"दगड हलवलेत, हे खरं आहे. पण मोजणीदारकाकांचं नाव मी मनाने घातलं. मावशीने नाही, मी लिहिलं."

साहेबांनी जागेवर जाऊन पाहिलं, दगड परत लावायचा हुकूम काढला आणि नोटीस मागे घेतली. एवढ्या वयात केवढी चौकस मुलं, असं कौतुकही केलं. खारूला ते टोचलं.

ग्रुपवर तिने माफी लिहिली. पण सगळे ती थोडेच वाचणार? म्हणून ती माफी कागदावर उतरवून दारोदार वाचत फिरली, ढब्ब्या सोबतीला. मोजणीदारांचं घर तिने शेवटी ठेवलं होतं, भीतीने.

दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. मग मागे वळून हाक मारली, "आई, बाहेर ये जरा."

म्हातारी हळूहळू उंबऱ्यापाशी आली.

"आता पहिल्यापासून वाच," मोजणीदार म्हणाले.