हा दिवा… की हा?

चष्मेवाल्यांना त्या दिवशी काम असं एकच होतं. दुपारी दुकान बंद करायचं, दोन गल्ल्या ओलांडून डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात जायचं, कपाळाला बांधायचा एक दिवा घ्यायचा आणि परत यायचं. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम. पण जेवून बाहेर पडताना बायकोनं दारात गाठून विचारलं, "अहो, डबा देऊ का बरोबर? तुम्हाला वेळ लागेल."

तिचं चुकलं नव्हतं. चष्मेवाले तीस वर्षं लोकांचे डोळे तपासत होते. अंधारलेल्या खोलीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर एकामागून एक भिंगं चढवत दिवसातून दोनशे वेळा विचारायचे, "हे स्पष्ट… की हे?" भल्याभल्या घोळ घालणाऱ्यांकडून त्यांनी चुटकीसरशी उत्तरं काढली होती. स्वतःच्या बाबतीत मात्र सगळंच भिजत घोंगडं. घरातल्या न्हाणीघराच्या फरश्यांचा रंग चार वर्षं ठरत नव्हता, आणि चार वर्षं घरातले सगळे उघड्या सिमेंटवर अंघोळ करत होते.

या खेपेला मात्र प्रकरण फरश्यांपुरतं नव्हतं. त्यांची लेक दर वर्षी पहाटेच्या अंधारात डोंगर चढून माथ्यावरून सूर्योदय बघायची. तीन वर्षं ती बाबांना बरोबर बोलावत होती. पहिल्या वर्षी घोडं बुटांवर अडलं, दुसऱ्या वर्षी काठीवर, तिसऱ्या वर्षी पाठीवरच्या पिशवीवर. आता पुढच्या आठवड्यात ती नोकरीसाठी दूरदेशी चालली होती. सकाळी चहा पिताना ती म्हणाली होती, "बाबा, उद्या चारला निघतेय. दिवा असेल तर चला. नसेल तर मी एकटी जाईन." ती चिडली नव्हती. तेच चष्मेवाल्यांना लागलं.

दुकानवाली चाळिशीची, दणकट बांध्याची बाई होती. एका गुडघ्याला पट्टा बांधून लंगडत लंगडत फिरायची, पण जिभेला कसलीच दुखापत नव्हती.

"हातात धरायची बॅटरी नको काका, हात मोकळे हवेत. हा बघा, लांबवर जातो, पण झोत अरुंद. हा जवळचं सगळं दाखवतो, लांबचं नाही. हा चार्जिंगचा. हा सेलवर चालतो. हा वजनाला हलका, पण…"

"पण?" चष्मेवाल्यांनी लगेच विचारलं.

"पण प्रत्येकालाच काहीतरी 'पण' असतो हो काका."

अर्ध्या तासात बाईनं त्यांचं पाणी जोखलं. सहा दिवे एका टोपलीत घालून तिनं टोपली त्यांच्या हातात दिली आणि मागचं एक दार दाखवलं. "आत अंधारी खोली आहे. गिऱ्हाइकांना दिवे पारखायला केलीय. लावून बघा, चालून बघा. मात्र ठरवूनच बाहेर या."

दारावर पाटी होती : 'एका वेळी एकच गिऱ्हाईक.'

खोली लांबट होती. खिडक्यांना काळा रंग फासलेला, खाली खडी पसरलेली, मधेमधे दोनचार धोंडे ठेवलेले. समोरच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'वीस पावलं'. मागे दार लागलं, आणि बाहेर भर दुपार असताना आत असा अंधार झाला की स्वतःचा हात दिसेना. रस्त्यावरची वर्दळ ऐकू येईनाशी झाली. हवेला ओल्या लोकरीचा वास होता, पावसात भिजून नीट न वाळलेल्या स्वेटरला येतो तसा.

चष्मेवाल्यांनी पहिला दिवा लावला, विझवला. दुसरा लावला, विझवला. मग पुन्हा पहिला. पुन्हा दुसरा.

"दुसरा बरा आहे… पण सेल फार खातो," अंधारातून कुणीतरी म्हणालं.

चष्मेवाले दचकले, पण लगेच त्यांना हायसं वाटलं. दुकानवालीच्या पाटीकडे दुर्लक्ष करून आधीच कुणी शिरलेलं दिसत होतं. शिवाय आवाज आपल्याच जातकुळीचा होता. 'पण' म्हणताना असा अडखळणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता.

"अगदी माझ्या मनातलं बोललात!" ते म्हणाले. "आणि हा पहिला?"

"हलका आहे… पण कपाळावरून घसरतो."

"तिसऱ्याचं काय?"

"तिसरा चांगला आहे. म्हणूनच शंका येते."

दोघांचं असं मेतकूट जमलं की काही विचारू नका. सहाही दिव्यांची उणीदुणी काढून झाली. शेवटी चष्मेवाल्यांनी सहज विचारलं, "तुम्ही कधीपासून बघताय?"

"झाले… बरेच दिवस."

"निघायचंय कधी?"

"पहाटे."

"उद्याच्या?"

पलीकडे खडी जराशी वाजली. "पहाटेच… दरवेळी तीच पहाट असते."

चष्मेवाल्यांनी चौथा दिवा लावून आवाजाच्या दिशेनं मान वळवली. उजेडात आधी बूट दिसले. जाड चामड्याचे, जुन्या घाटाचे, निथळत असलेले. वर गुडघे दिसले. गुडघ्यांच्या वर मात्र थेट भिंतच, आणि तिच्यावर स्वच्छ, सुवाच्य अक्षरांत 'वीस पावलं' दिसलं.

धंद्याची सवय वाईट. चष्मेवाल्यांनी आधी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आपलाच नंबर वाढला असावा, असं त्यांना मनापासून वाटलं. पण अक्षरं तशीच राहिली, आणि त्यांच्या वरून, माणसाचं तोंड असतं तितक्या उंचीवरून आवाज आला, "डोळ्यांवर मारू नका हो… दिपतात."

चष्मेवाल्यांची बोबडी वळली. ते मागे सरकले, वळले आणि दार शोधायला लागले. भिंत लागली. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. ज्या दारातून आले ते दार कुठेच नव्हतं.

"सापडायचं नाही," आवाज समजुतीच्या सुरात म्हणाला. "निवड झाल्याशिवाय सापडत नाही. मलाही नाही सापडलं…"

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे न्हाणीघर आलं. चार वर्षं. इथे तर सहा दिवे होते! उद्या पहाटे लेक पायरीवर बसून वाट बघेल, मग घड्याळ बघेल, मग उठेल… पण आयुष्यात माणसाला एकच विद्या धड येते, आणि पाचावर धारण बसली की तीच कामी येते. त्यांनी टोपली खाली ठेवली, दोन दिवे उचलले आणि दुकानात बोलायचे त्याच शांत, थोड्या कंटाळलेल्या आवाजात म्हणाले,

"इकडे बघा. घाई नाही. हा… की हा?"

"जरा पुन्हा दाखवा."

"हा… की हा?"

"पहिला. नाही… थांबा. मघाचा."

"मघाचा म्हणजे हाच. आता हा… की हा?" दुसऱ्यांदा त्यांनी तोच दिवा दाखवला. ही त्यांची तीस वर्षांची युक्ती होती.

"हा! हा फारच स्पष्ट," आवाज खुशीत म्हणाला.

एकेक दिवा बाद होत गेला. शेवटी दोनच उरले, निळ्या पट्ट्याचा आणि करड्या पट्ट्याचा. आणि तिथे गाडं रुतलं. खोली एकदम गार पडली, चष्मेवाल्यांच्या श्वासाची वाफ झोतात दिसायला लागली.

"मागच्या वेळी… चुकलं होतं," हळूच ऐकू आलं. "अर्ध्या वाटेत विझला. म्हटलं, वाट पायाखालची आहे. दोनच पावलं तर आहेत…"

बुटांतून पाणी ठिबकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

चष्मेवाल्यांची भीती कुठे गेली कोण जाणे. रात्रीची गाडी चालवून धडपडलेल्या, 'दिसतं हो मला सगळं' म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना ते समजावायचे, तसं त्यांनी समजावलं. "हे बघा, दिवा कुठलाही घ्या. कधी ना कधी तो विझणार. सुटे सेल खिशात ठेवा. आणि तरीही विझला, तर चालायचं नाही. बसायचं."

"बसायचं?"

"जिथे असाल तिथे. उजाडेपर्यंत."

खडीवर बूट जरासे सरकले.

"हे मला कुणी सांगितलंच नाही हो," आवाज म्हणाला. तो रडत होता की हसत, हे चष्मेवाल्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही. "मग… निळा."

हातातून निळ्या पट्ट्याचा दिवा अलगद निघून गेला. खट्कन आवाज झाला, माणसाच्या कपाळाच्या उंचीवर उजेड पेटला आणि हलत हलत निघाला. पाच पावलं. दहा. वीस. तिथे भिंत होती, पण दिवा थांबला नाही. तो लहान लहान होत गेला, एका जागी वळला, आणि चढ चढावा तसा वर वर जात दिसेनासा झाला.

चष्मेवाल्यांनी मागे हात फिरवला. दाराची कडी हाताला लागली. त्यांनी करड्या पट्ट्याचा दिवा उचलला, टोपली काखेत मारली आणि बाहेर उडी घेतली. आयुष्यातली एवढी झटपट निवड त्यांनी त्याआधी कधी केली नव्हती.

दुकानवालीनं टोपलीत बोट फिरवून दिवे मोजले. "काका, निळा कुठे गेला?"

"तो… आतले ते गृहस्थ घेऊन गेले."

बाई एकदम स्टुलावर बसली. तिनं गुडघ्याचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. मग तिचा चेहरा रागानं लाल झाला.

"निळाच?" ती म्हणाली. "अहो, मी त्यांना पहिल्याच दिवशी निळा घ्या म्हणून सांगितलं होतं!"

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला लेक काठी हातात घेऊन दाराबाहेर आली, तर बाबा बूट घालून, कपाळाला दिवा बांधून रस्त्यावर उभे. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "बाबा, तुम्ही ठरवलंत?"

"ठरवलं," ते म्हणाले. "चल."

माथ्यावर पोचले तेव्हा पूर्वेकडे नुकतं फटफटत होतं. लेकीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि दोघांनी आपापले दिवे एकदमच विझवले. घरी आल्यावर चष्मेवाल्यांनी न्हाणीघरासाठी पांढऱ्या फरश्या सांगून टाकल्या. बायकोनं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना, ते बघितलं.

सोमवारी दुकानात पहिलं गिऱ्हाईक म्हणून शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, आता त्यांना नवा नंबर काढून हवा होता. चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पडदा ओढला, समोरची अक्षरांची पाटी उजळली आणि एक भिंग चढवलं.

"हं, बाई. सगळ्यात खालची ओळ वाचा बरं."

बाईंनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे केली.

"वाचते की. नजर अगदी लख्ख झालीय," त्या म्हणाल्या. "फक्त पाटीपुढे ते तिघं उभे आहेत ना, त्यांना जरा बसायला सांगा. किती भिजलेत बिचारे, हातांत दोन-दोन दिवे घेऊन… आणि मघापासून माझ्याकडे नाही हो, तुमच्याकडेच बघतायत."