चिखलीची युद्धनौका

"थांबा, थांबा! ही मालवाहू बोट नाही! सावली बघा, सावली! तोफांच्या नळ्यांची सावली पडलीय!" अवधूत टॅबवर जवळजवळ आडवाच झाला.

"डोकं बाजूला घे आधी! आम्हाला नुसते तुझे केस दिसतायत!" सुखदा ओरडली.

मे महिन्याची भर दुपार होती. निगडी प्राधिकरणातल्या इराच्या घरी पंखा गरगरत होता आणि चौघं जमिनीवर पोटावर पडली होती. बाहेर पाऊल ठेवायची सोय नव्हती, म्हणून सोसायटीतल्या अवधूतनंच हा खेळ काढला होता. इंटरनेटवरच्या नकाशात उपग्रहानं टिपलेली चित्रं दिसतात. त्यांत जगभरच्या जुन्या युद्धनौका शोधायच्या, ज्यांची आता संग्रहालयं झाली आहेत त्या! विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर वाळूत ठेवलेली 'कुरसुरा' पाणबुडी ओजसला सापडली होती. लंडनच्या नदीतली 'बेलफास्ट' सुखदाला मिळाली होती. आता अवधूतनं जपानमधली 'मिकासा' शोधून काढली होती.

"माझ्या झाल्या चौदा!" अवधूतनं वहीत आकडा लिहिला. "सुखदा नऊ, ओजस सात, इरा पाच. अजून दोन दिवस आहेत. जो जिंकेल, तो सुट्टीभर आपला कॅप्टन!"

ओजस, म्हणजे इराचा दहा वर्षांचा भाऊ, फिदीफिदी हसला. "ताई, तू निदान माझ्या तरी पुढे जा गं!"

इरानं वही मिटून टाकली. बारा वर्षांच्या मुलीला धाकट्या भावाच्या मागे राहणं किती झोंबतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. त्या संध्याकाळी ती एकटीच टॅब घेऊन बसली आणि उगाच आपल्याच भागावरून बोट फिरवू लागली. निगडी, तळवडे, चिखली... चिखलीच्या कारखान्यांच्या दाटीत तिला एक लांबुळकं करडं छप्पर दिसलं. एका टोकाला निमुळतं, अगदी नौकेच्या नाळेसारखं, म्हणजे पुढच्या टोकासारखं!

ते छप्परच आहे, हे तिला पहिल्या क्षणीच कळलं होतं. तरीही तिनं त्यावर बोट दाबलं. 'नवीन ठिकाण जोडा.' नाव लिहिलं, 'जुनी युद्धनौका संग्रहालय, चिखली'. पाठवून दिलं. टॅबवर बाबांचंच खातं चालू होतं, आणि बाबा आपले ईमेल कधी उघडून बघत नसत.

दुसऱ्या दिवशी नकाशावर त्या नावाची लाल खूण उमटली होती!

"आपल्या चिखलीत युद्धनौका?" अवधूतचे डोळे विस्फारले. "आणि आपल्याला पत्ताच नाही! इरा, याला दहा गुण! नाही, वीस! आजपासून तूच कॅप्टन!"

"चला, आत्ताच सायकली काढू!" ओजस उड्या मारू लागला.

"ते... ते अजून सुरू झालेलं नाही," इरा म्हणाली. "जूनमध्ये उघडणार आहे."

एक खोटं झाकायला दुसरं लागलं. त्यानंतर कुणी "कॅप्टन!" अशी हाक मारली, की इरा दुसरीकडेच बघायची.

बुधवारी सकाळी चौघंही निगडीच्या बस स्थानकावर उभी होती. सुखदा ही इराची मामेबहीण, दापोडीची. ती आईनं दिलेला आंब्यांचा डबा घेऊन बसनं पुन्हा राहायला आली होती आणि बाकीची तिघं तिला घ्यायला गेली होती. एवढ्यात चाकणच्या बसमधून एक आजोबा उतरले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, आणि डोक्यावर निळी टोपी! टोपीवर जहाजाचा पांढरा नांगर शिवलेला होता.

"बाळांनो, चिखलीला बस कुठून हाय? तिथं लढाईची बोट आणून ठिवलीया म्हनं. फोनातल्या नकाशात बघितली मी."

"आम्हीपण बघितली!" ओजस आनंदानं किंचाळला. "माझ्या ताईनंच शोधली! आजोबा, तुम्ही नौदलात होता?"

"व्हय! बावीस वरसं इंजिनाच्या खोलीत काढली." आजोबा हसले. "आमची बोट मोडीत निघाली. लोखंड कुठं कुठं गेलं देव जानं. म्हनलं, ही बी जुनीच दिसती, एखांद्या वेळंस आमच्या वळखीची निघंल."

"आजोबा, पण ती जूनमध्ये—" सुखदा सांगू लागली.

"बाहेरून दिसंल की! तेवढी बास झाली मला."

"ती बघा, समोर चिखलीची बस लागलीय!" अवधूतनं बोट दाखवलं.

इराच्या जिभेवर शब्द आले होते. आजोबा, जाऊ नका. तिथे काही नाही. पण शेजारी अवधूत उभा होता, सुखदा उभी होती, आणि ओजस तिच्याकडे केवढ्या अभिमानानं बघत होता! आजोबा बसमध्ये चढले. खिडकीतून त्यांनी हात हलवला. बस वळून दिसेनाशी झाली, तरी इरा तिथेच उभी होती.

घरी येताच तिनं न्हाणीघराचं दार लावून घेतलं, टॅब उघडला आणि ती खूण पुसून टाकली. 'आता दुसरं कुणी फसणार नाही,' असं ती मनाशी म्हणाली. पण खरं कारण ते नव्हतं. आपण पकडले जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता अवधूत धापा टाकत वर आला. हातात त्याच्या आईचा मोबाइल होता. "हे बघा! हा निरोप सगळीकडे फिरतोय!"

फोटोत तेच आजोबा होते. 'ज्ञानदेव, वय ७६, चाकणजवळच्या गावातून काल सकाळपासून बेपत्ता. दिसल्यास कळवा.' खाली त्यांच्या मुलाचा, गोरक्ष यांचा नंबर होता.

 काल सकाळपासून! म्हणजे आजोबा घरी पोचलेच नव्हते.

अवधूतनं फोन लावला. "काका, आम्ही त्यांना काल निगडीला बघितलं! ते चिखलीला युद्धनौका बघायला गेले!"

"तुम्ही पण तेच सांगा!" गोरक्षकाकांचा आवाज जागरणानं बसला होता. "माझ्या बायकोला पण बोट बोट म्हणून सांगून गेलेत. आम्ही रात्री नकाशा उघडला, तिथं काहीसुद्धा नाही! वयाप्रमाणं भास होतात आता त्यांना. पोलीस बस स्थानकं धुंडाळतायत, मी पण तिकडंच आहे. ठेवतो, बाळा."

"नाही कसं?" अवधूतनं टॅब ओढला. चिखली उघडली. करडं छप्पर होतं, पण त्यावर काहीच खूण नव्हती! "अरे, गेली कुठे? आपण सगळ्यांनी बघितली होती!"

"कुणीतरी मुद्दाम पुसलीय!" सुखदाचे डोळे चमकले. "याच्यात काहीतरी काळंबेरं आहे! कोण असेल तो हलकट माणूस?"

इराचे कान तापले. आत्ता सांगायला हवं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "ते नंतर बघू. जागा मला पाठ आहे. सायकली काढा!"

"शाब्बास कॅप्टन!" ओजस म्हणाला.

"मला कॅप्टन म्हणू नकोस!" इरा एवढ्या जोरात ओरडली, की ओजस दोन पावलं मागे सरकला.

गुरुवार म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीचा वार. एरवी खडखडाटानं कान किटवणारी चिखलीची ती गल्ली सुनसान पडली होती. करड्या छपराच्या कारखान्याच्या फाटकाला कुलूप होतं, आणि बाहेर खुर्चीत वॉचमन पेंगत होता. त्याच्या खिशावर नाव होतं, मालोजी.

"कुणी म्हातारा-बितारा आला नाही इथं," तो जांभई देत म्हणाला. "काल दिवसभर मीच होतो. फाटक सोडून हललो नाही. पळा!"

पण सुखदाची नजर त्याच्या केबिनमध्ये गेली होती. खिळ्याला एक निळी टोपी लटकत होती. तिच्यावर पांढरा नांगर!

"ही टोपी कुठून आली, काका?"

मालोजी गडबडला. "ती? ती रस्त्यावर सापडली."

"रस्त्यावर? मग तिला लोखंडाचा चुरा कसा लागलाय? तो तर आतल्या अंगणात पडलाय, फाटकातून दिसतोय की!"

"लई शहाणी आहेस! मालकांना सांगू का? निघा इथून!"

चौघं कोपऱ्यावर आली. "हा काल फाटक उघडं टाकून कुठेतरी गेला असणार," अवधूत कुजबुजला. "आता नोकरी जाईल म्हणून घाबरतोय. पोलिसांना फोन करतोच मी, पण ते येईपर्यंत? हे ऊन बघा!"

इरानं टॅब उघडला. ते चित्र तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं, की डोळे मिटूनही दिसत होतं. पण आज ती ते वेगळ्या नजरेनं बघत होती. "मागची भिंत बघा. तिची सावली सलग आहे, पण इथे, नाल्याच्या बाजूला, तुटलीय. म्हणजे तिथे भिंत पडलेली आहे!"

"वा! मी वॉचमनला अडकवतो!" ओजसनं सायकलच्या चाकातली हवा फुस्सकन सोडली आणि मालोजीकडे जाऊन भोकाड पसरलं. "काकाऽऽ! माझं चाक बसलं! आई मारेल मला! पंप आहे का होऽऽ?" इतकं बेमालूम, की मालोजी बिचारा खरंच पंप शोधू लागला. सुखदा त्याला चार भलत्याच ठिकाणी पंप शोधायला लावत राहिली.

अवधूत फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होता. इरा नाल्याच्या कडेनं निघाली. वेड्या बाभळीनं हात ओरबाडले, पण भिंतीत खिंडार होतं! ती आत शिरली. छपराचं ते निमुळतं टोक समोर होतं. जागाच तिरकी, म्हणून छप्परही तिरकं कापलेलं! त्याच्याखाली, लोखंडी पट्ट्यांच्या ढिगाआड, एक पांढरं धोतर दिसलं.

"आजोबा!"

आजोबांचे ओठ फुटले होते. उजवा पाय घोट्यापाशी सुजून टम्म झाला होता. इरानं पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली. दोन घोट घेतल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"फाटक उघडं हुतं, म्हनून आत आलो. समदीकडं हिंडलो. वर चढून बघावं म्हनलं, तर ढीग घसरला. वरडलो, पन यंत्रांपुढं कुनाला ऐकू येतंय... रातच्याला तर घसाच बसला. फोन बी मेला." मग त्यांनी इराचा हात धरला. "पोरी, बोट कुठं हाय गं? का मलाच दिसली व्हती?"

इरानं बाटली त्यांच्या हातात दिली. ती फाटकाकडे धावत सुटली. "मालोजीकाका! कुलूप काढा! आजोबा आत पडलेत!"

मालोजीच्या हातातून किल्ल्या खाली पडल्या. "अरे देवा! चहाला म्हणून गेलो होतो, तासभर गप्पात गेला... टोपी अंगणात सापडली, पण आत कुणी असेल असं वाटलंच नाही रे!" तो रडवेला झाला. पण मग त्यानंच आजोबांना पाठीवर घेतलं आणि पळत जाऊन रिक्षा गाठली.

दुपारपर्यंत रुग्णालयात सगळी जमली. आजोबांच्या पायाला प्लास्टर होतं, हाताला सलाईन. मुलगा गोरक्ष आणि सून अनिता पलंगाशी बसले होते. इराचे बाबा, प्रभाकर, ऑफिसातून धावत आले होते.

"अजून तीन-चार तास उशीर झाला असता, तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले.

"आम्ही बस स्थानकांवर हिंडत राहिलो, आणि या पोरांनी बरोबर माणूस शोधला!" पोलीस उपनिरीक्षक बाईंनी ओजसच्या पाठीवर थाप मारली. "सावलीवरून भिंत ओळखली म्हणे! कुणी?"

"इरानं!" तिघं एकदम ओरडली.

"शाब्बास, बाळ!"

ती शाब्बासकी इराला चटका बसावा तशी लागली. तेवढ्यात गोरक्षकाका हळू आवाजात वडिलांना म्हणाले, "बाबा, आता एकट्यानं कुठं जायचं नाही. आणि तो फोन मी काढून घेणार आहे. नसलेल्या गोष्टी दिसायला लागल्यात तुम्हाला."

"आरं, व्हती रं ती नकाशात..." आजोबांचा आवाज एवढासा झाला होता.

"आम्हीपण पाहिली होती, काका!" अवधूत म्हणाला.

"तुम्ही गुणी पोरं आहात. त्यांचं मन राखायला बोलताय."

आजोबांनी मान भिंतीकडे वळवली. नौदलात बावीस वर्षं काढलेला तो माणूस आता स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवायला घाबरत होता. इराला ते बघवेना.

"ती खूण मी केली होती," ती म्हणाली.

कुणाला नीट ऐकूच गेलं नाही. ती पुन्हा, मोठ्यानं म्हणाली, "तिथे नौका नव्हती. खेळात जिंकायला मी खोटं ठिकाण टाकलं. आणि आजोबा बसमध्ये बसले तेव्हा मी गप्प राहिले. मग घरी जाऊन पुसून टाकलं. बाबा, तुमचे ईमेल उघडा ना. त्यात असेल."

बाबांनी मोबाइल काढला. न वाचलेल्या शेकडो ईमेलांच्या ढिगात ते सापडलं. 'तुम्ही जोडलेले ठिकाण आता नकाशावर आहे. जुनी युद्धनौका संग्रहालय, चिखली.' त्यांनी तो मोबाइल गोरक्षकाकांच्या हातात दिला.

 अवधूत इराकडे बघतच राहिला. "म्हणजे तो हलकट माणूस..." सुखदा पुटपुटली आणि तिनं जीभ चावली. ओजसचे डोळे पाण्यानं भरले होते. इराला सगळ्यांत जास्त लागले ते त्याचे डोळे.

गोरक्षकाका तडकून उभे राहिले. "माझा बाप मेला असता, कळतंय का तुला?"

"हो," इरा म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही.

"गोरक्षा, खाली बस!" पलंगावरून आवाज आला, आणि तो एवढासा नव्हता. आजोबा कोपरावर उठून बसले होते. "आधी मला सांग, नकाशात बोट व्हती का न्हवती?"

"होती, बाबा."

"मग माझं डोस्कं ठिकानावर हाय का न्हाई?"

"आहे, बाबा."

"डोळं?"

"तेपण."

"मग फोन ठिव हितं माझ्या उशाला! लागलाय मला शिकवायला!" अनिताकाकूंनी पदराआड हसू दाबलं. आजोबा इराकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "पोरी, तुझा राग आलाय मला. लई आलाय."

"हो, आजोबा."

"रातभर त्या लोखंडापाशी पडून मी इचार करीत व्हतो, की आपुन म्हातारे झालो, आता संपलं. ते तू आज पुसून टाकलंस. कुनी इचारलं नसताना सांगितलंस, ही तुझी हुशारी त्या सावलीबिवलीपेक्षा मोठी. पन राग हाय त्यो हायच. चार दिस तरी ऱ्हाईल. मग घरी ये."

"शाब्बासकी मी परत घेत नाही," उपनिरीक्षक बाई इराला म्हणाल्या. "पण मालोजीचा जबाब घेतला, तसा तुझाही घेणार आहे. बस इथे, आणि एकही गोष्ट न गाळता सांग."

इरानं सगळं सांगितलं. बाबा शेजारी बसून होते. शेवटी त्यांनी तिच्या ओरबाडलेल्या हातावर हात ठेवला. घरी जाताना अवधूत तिच्यापेक्षा चार पावलं पुढेच राहिला. मग सोसायटीच्या दाराशी तो म्हणाला, "सावलीचं मात्र खरंच भारी होतं हं."

शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. इरानं एकेक दिवस मोजला. मंगळवारी सकाळी ती बाबांबरोबर निगडीहून चाकणच्या बसमध्ये बसली.  बस सुटणार, एवढ्यात दारातून ओजस, सुखदा आणि अवधूत धडपडत आत घुसले.

"ताई, सरक ना तिकडे!" ओजस म्हणाला आणि तिला चिकटून बसला.