भाजलेल्या मातीची बेरीज

निवड समिती दुपारी चारला बसायची होती, आणि डॉ. उज्ज्वला कुंभार सकाळी साडेनऊलाच हरल्या होत्या.

'जलवन' प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन डबे उघडे होते. दोन्ही 'मेघना' अवकाशस्थानकावरून आदल्या दिवशी अवकाशकुपीतून खाली आलेले. एकात पांढरीशुभ्र वाळू, दुसऱ्यात भाजलेल्या मातीचे वाटाण्याएवढे तांबूस गोळे. स्थानकावर सात महिने गोड्या पाण्याची दोन काचतळी शेजारी शेजारी चालली होती. पाणी तेच, प्रकाश तोच, पाणवनस्पती त्याच. फरक फक्त तळथराचा, म्हणजे मुळं ज्यात रुजतात त्या तळाच्या थराचा. जे तळं जिंकेल ते सहा आठवड्यांनी मंगळाकडे निघणाऱ्या यानात बसणार होतं आणि तीन वर्षं सहा माणसांना प्राणवायू पुरवणार होतं. उज्ज्वलाबाईंनी या गोळ्यांवर अकरा वर्षं घालवली होती.

"चार वर्षं टिकेल म्हणाला होतात," डॉ. श्रीरंग केळुसकर म्हणाले. वाळूची बाजू त्यांची. "सात महिन्यांत पानं पिवळी! माझं तळं बघा, हिरवंगार. तेजल रोज फोटो पाठवते."

तेजल त्यांची मुलगी. स्थानकावरच्या सहा जणांतली एक, दोन्ही तळ्यांची माळीण, आणि बाकीच्या पाच जणांबरोबर मंगळावर जाणारी. लेकीचं नाव आल्याशिवाय केळुसकरांचं बोलणं पुरं होत नसे, आणि त्यावरून प्रयोगशाळेत कुणी त्यांची थट्टा करायचं सोडत नसे.

"सर, रोज चमचा चमचा खत भरवलं तर काय, फरशीसुद्धा हिरवी होईल," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "वाळू काही धरत नाही. आलं ते वाहून गेलं. मातीचं तसं नाही. तिच्या कणांवर ऋणभार असतो. पाण्यातलं पोटॅशियम, लोह, कॅल्शियम हे सगळे धनभारित. ते कणांना चिकटून राहतात आणि मुळं लागतील तसे सोडवून घेतात. खत वाया जात नाही."

"मान्य. पण कणांवरच्या जागा मोजक्या. त्या भरल्या की खेळ खलास. तुमच्या भरल्या."

हे खरं होतं, म्हणूनच झोंबलं. अहवालातही तेवढंच होतं: 'धारणक्षमता संपुष्टात.' कशाने संपली, हे कुणी विचारलं नव्हतं. हरलेल्याची चौकशी कोण करतो?

उज्ज्वलाबाईंनी एक गोळा उचलला आणि सरळ जिभेवर ठेवला.

"अहो बाई!" केळुसकर ओरडले. "स्थानकाच्या संडासाचं पाणी पितात ती तळी!"

"निर्जंतुक केलाय, सर." त्यांच्या माहेरी कोल्हापूरजवळ पिढ्यान्‌पिढ्या भट्टी होती. भट्टी उघडली की आजोबा खापराचा तुकडा जिभेला लावत. चिकटला तर छिद्रं उघडी आणि माठ पाणी गार करणार. डॉक्टरेट मिळाली तरी बाईंची ही सवय सुटली नव्हती, आणि प्रयोगशाळेच्या नियमावलीत तिच्याविरुद्ध एक खास कलम घालावं लागलं होतं.

गोळा चिकटला नाही.

"सर, नुसत्या जागा भरलेल्या नाहीत. छिद्रं बुजलीत! आत काहीतरी कठीण बसलंय!" त्यांचा आवाज चढला होता. हरल्याचं दुःख कुठल्या कुठे पळालं होतं. मूलद्रव्यमापकात त्यांनी मूठभर गोळे टाकले आणि वीस मिनिटं त्या यंत्राभोवती येरझाऱ्या घालत राहिल्या.

कॅल्शियम. सहा जणांच्या जेवणातून येणारं आधीच हिशेबात धरलं होतं. ते वजा करूनही तळ्यातल्या सगळ्या चाळीस किलो मातीच्या हिशेबाने एकशे पंचावन्न ग्रॅम जास्तीचं कॅल्शियम होतं.

केळुसकर खो खो हसले. "चुना! स्थानकाचे कमांडरसाहेब पूर्वी तंबाखू खायचे, ठाऊक आहे ना? नेली असणार चुन्याची डबी लपवून. सात महिने तळ्यात थुंकतायत!"

"एवढ्या चुन्याला डबी नाही, डबा लागेल," बाई म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आवरलं नाही. "आणि चुन्यात फॉस्फरस नसतो. थांबा, तोही बघू."

फॉस्फरसही होता, तोही हिशेबाबाहेरचा. बाईंनी दोन्ही आकडे अणूंच्या संख्येत बदलले, भागाकार केला, पुन्हा केला. "दर पाच कॅल्शियममागे तीन फॉस्फरस," त्या म्हणाल्या. "अगदी नेमकं. पाचास तीन."

केळुसकरांचं हसणं थांबलं. ते मुळात प्राणिशास्त्रज्ञ. हे प्रमाण ते तीस वर्षं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देत आले होते.

"हाड," ते म्हणाले.

"हो, हाड. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात. झिजलेलं रक्तात उतरतं, तिथून लघवीत. लघवी थोडी गाळून आपण तळ्यांना खत म्हणून देतो, आणि मातीच्या छिद्रांत ते पुन्हा घट्ट होऊन बसतं."

"पण त्यांना हाडांचं औषध चालू आहे! अस्थिमापन दर महिन्याला होतं. तेजलचे सातही अहवाल माझ्याकडे आहेत. सातही वेळा 'फरक नाही'."

"फरक कशापासून?"

केळुसकरांनी मोबाइलवर अहवाल उघडले. प्रत्येक अहवालाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: तुलना, मागील महिन्याशी.

"पाऊण टक्का कमी," ते वाचू लागले. "पाऊण. पाऊण. यंत्राची चूकच एक टक्क्याची, म्हणून प्रत्येक वेळी 'फरक नाही'. पहिल्या महिन्याशी कुणी ताडून पाहिलंच नाही."

"मातीने पाहिलं," बाई म्हणाल्या. "तिला मागचा महिना सोडून देता येत नाही. ती नुसती बेरीज करत जाते."

केळुसकरांनी कागद ओढला. "एकशे पंचावन्न भागिले सहा, माणशी सव्वीस ग्रॅम. तसं म्हटलं तर..."

"सर, दुप्पट करा."

"का?"

"पाणी दोन तळ्यांत अर्धं अर्धं जातं. उरलेलं अर्धं तुमच्याकडे आलं होतं."

त्यांनी वाळूच्या डब्याकडे पाहिलं. वाळू पहिल्या दिवसासारखी स्वच्छ होती. तिच्यातून निघालेलं सगळं शेवटच्या गाळणीत अडकत होतं, आणि ती गाळणी दर महिन्याला कचऱ्याबरोबर वातावरणात जाळून टाकत होते.

"माणशी बावन्न ग्रॅम," ते सावकाश म्हणाले. "शरीरातलं एकूण कॅल्शियम किलोभर. म्हणजे पाच टक्के गेलं. मंगळाची तीन वर्षं धरली तर चौथा हिस्सा. यानातून उतरून पहिलं पाऊल टाकताना मांडीचं हाड मोडलं असतं."

उज्ज्वलाबाईंना एकाच वेळी नाचावंसं आणि रडावंसं वाटत होतं. माती हरली नव्हती! हाडांचा हा भार आला नसता तर ती चार वर्षं टिकली असती. कुणी मागितलं नसताना तिने सहा माणसांचा अहवाल लिहून ठेवला होता. त्यांनी आपली प्रत्येक ओळ वरपासून पुन्हा तपासली. चूक नव्हती.

चारला समिती बसताच केळुसकरांनी वाळूचा प्रस्ताव मागे घेतला आणि तळथर म्हणून भाजलेली माती सुचवली. पुढच्या श्वासात यानाचं उड्डाण थांबवायची मागणी केली. अर्ध्या तासात दोन्ही मंजूर झालं. अकरा वर्षांनी उज्ज्वलाबाईंची माती यानासाठी निवडली गेली, आणि यान कधी निघणार ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

स्थानकाशी संपर्क जोडला तेव्हा तेजल पडद्यावर उलटी तरंगत होती. सगळं ऐकताना ती हळूहळू सुलटी झाली. मंगळ तिचं लहानपणापासूनचं वेड. तिचे डोळे भरून आले, पण वजनरहित अवस्थेत पाणी गालावरून ओघळत नाही, ते डोळ्यांतच साचून राहतं. तिने ते बाहीने टिपलं.

"म्हणजे आम्ही सगळे खाली येतोय?"

"याच आठवड्यात," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "पाच टक्के भरून येतात, तेजल. चालायचं, वजनं उचलायची, वर्षभर. त्यापुढे गेलं असतं तर सांगता आलं नसतं."

"आणि सकाळी कुठला थर ठरला होता, उज्ज्वलाताई? इथे सगळे वाळू म्हणत होते."

केळुसकर पुढे सरकले.

"वाळूच ठरली होती," ते म्हणाले. "मी ठरवली होती. तुला तीन वर्षं वाळूवर पाठवत होतो मी."

ओल्या डोळ्यांनीच तेजल इतकी मोठ्याने हसली की मागे दोघं जण दचकून वळले.

"बरं झालं हरलात, बाबा!"