हेराचा बदललेला आवाज

मुलांना दटावणाऱ्या आवाजाच्या प्रेमात कोणी पडत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहावा असा आहे.

शाळेचे समूहगीत ध्वनिमुद्रित करण्यासाठी ती, शाळेतली शिक्षिका, चाळीस मुले घेऊन स्टुडिओत आली होती, आणि त्यांना रांगेत उभे करता करताच तिचा घसा बसला होता. नेमकी त्याच दिवशी, एका कादंबरीच्या ऑडिओबुकसाठी ठरलेली अभिनेत्री आजारी पडली. काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने — सहकारी त्याला 'कानसेन' म्हणत — दार किलकिले करून विचारले,

"बाई, एक पान वाचून दाखवता?"

"रागावून वाचू, की नुसतं?"

"आत्ता रागावलात तसंच. राणीचं आहे."

त्या एका पानावरून अख्खी कादंबरीच तिच्याकडे आली. कादंबरी कोवळ्या वयाच्या वाचकांसाठी होती, आणि हे दोघे ते वय केव्हाच मागे टाकून बसलेले. कादंबरीतल्या दरबारात जादू होती. मात्र खोटे बोलणाऱ्याच्या हातून ती निसटत असे, आणि खोटे बोलल्यावाचून त्या दरबारात कोणी सकाळचे संध्याकाळपर्यंत टिकत नसे. शाळा सुटली, की हाताचा खडूही न झटकता ती रोज येई. तो सकाळपासून जाहिरातींतले तेच ते शब्द ऐकून सुन्न झालेला असे. तरीही चार वाजले, की दोघे त्या राजवाड्यात शिरत, आणि थकवा थोडा वेळ बाहेर बसून राही.

"विष प्रधानानंच घातलं," तो मध्येच तिच्या हेडफोनमध्ये म्हणे.

"मी सांगणार नाही."

"भुवई उडाली तुमची!"

"ती दमून उडाली."

युवराज्ञीचा हेर दोघांचाही लाडका होता; सगळ्या पात्रांप्रमाणे त्याचाही आवाज तीच काढी.

एकतिसाव्या, म्हणजे शेवटच्या, प्रकरणाच्या दिवशी तिला सकाळपासून काही सुचत नव्हते. उद्यापासून चार वाजता जायचे कोठे? घरी, दादा-वहिनींच्या काळजीभरल्या प्रश्नांकडे. येथे येण्याला पुस्तकाखेरीज दुसरे कारण नव्हते, आणि कारण नसतानाही ये, असे... कोणी म्हटले नव्हते.

आवाजांचा मेळ राहावा म्हणून त्याने रिवाजाप्रमाणे आधीचे तुकडे लावले. तिसऱ्या प्रकरणातला हेर भरभर, नाकात, लबाडीने बोलत होता. मग कालचा, तिसाव्यातला हेर — संथ, खोल, प्रत्येक उत्तराआधी किंचित थांबणारा. थकलेला, पण कोणाला न दुखावणारा.

तिने हेडफोन काढले. कानशिले तापली होती. तो आवाज काचेपलीकडे बसला होता.

"हा... कधीपासून असा बोलतोय?"

"नवव्या प्रकरणापासून."

"आणि तुम्ही थांबवलं नाहीत? पात्राचा आवाज बदलला तर टोकणं, हेच तर काम तुमचं!"

"हेच काम." तो किंचित थांबला. "दहा वर्षांत एकदाही चुकलो नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. मग तुम्ही वाचायला लागायचात... माझ्या आवाजात कुणी इतकं जपून बोलेल, असं वाटलं नव्हतं."

"पहिली आठ प्रकरणं पुन्हा वाचावी लागतील," ती म्हणाली. काहीतरी म्हणायचे म्हणून.

"लागतील. म्हणजे आणखी आठ दिवस."

"आणि नवव्या दिवशी?"

तो उठला, आणि जाड दार ढकलून आत आला.

"नवव्या दिवशी पुस्तक नसेल," तो म्हणाला. "तरी ये. नुसतं माझ्यासाठी ये."

आपण एकेरीवर आलो, हे त्याच्या ध्यानात आले नाही, तिच्या आले. ती खुर्चीत मागे रेलली. इतक्या दिवसांचा शीण एकदमच अंगावर आला होता. हसू मात्र आवरेना.

"येईन. पण एक अट. दिवसभर बोलून जीव मेटाकुटीला येतो रे माझा... तेव्हा बोलायचंस तू. मी ऐकणार."

"मी? मी काय बोलू?"

"काहीही. आत्तापासून."

तो समोरच्या स्टुलावर बसला. सुरुवात कोठून करावी ते न कळून त्याने आधी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. आणि मग, चाचरत, अगदी हळू बोलू लागला. तिने डोळे मिटले.