तीन चौकोन

ही गोष्ट तुम्हाला खोटी वाटली तर मला आनंदच होईल. खरंच. पण ती खरी आहे, कारण ती माझ्या घरात घडली आहे आणि ती पेटी आत्ताही मागच्या खोलीत आहे.

आम्ही जावा बेटावरच्या सोलोला राहतो, लावेयानच्या गल्लीत. गल्लीत निम्म्या घरांत बाटिकचं काम चालतं. मी लग्न होऊन आले मलांगहून, त्यामुळे मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण माझा नवरा जात्मिको इथलाच. त्याला लहानपणापासून वाढवलं त्याच्या सुकीना आत्याने. आत्या बाटिकवाली होती. तांब्याच्या छोट्या तोटीतून गरम मेण सोडत कापडावर नक्षी काढायची. तोटी बुजू नये म्हणून प्रत्येक रेघेआधी तिच्यावर फुंकर मारावी लागते.

फू...

एवढासाच आवाज. तो लक्षात ठेवा.

जात्मिकोला मेणाचा वासही सहन व्हायचा नाही. त्याचा जीव कॉम्प्युटरमध्ये. त्यातूनही कॉम्प्युटरच्या डब्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये. पातळ प्लायवूड कापायचं, त्यावर फोम चिकटवायचा, वर कापड ताणून मागून स्टेपलर मारायचा, आणि ती फळी लोहचुंबकाने कॅबिनेटवर बसवायची. कॉटन, मखमल, जुनी जीन्स, सगळं लावून झालं होतं. मॉलमध्ये अशा सजवलेल्या कॅबिनेटची स्पर्धा लागली, तेव्हा तो म्हणाला, "लावेयानच्या पोराने बाटिक नाही लावलं तर लोक तोंडात शेण घालतील."

आत्या तेव्हा वोनोगिरीला भाचीच्या बाळंतपणाला गेली होती.

तिच्या पेटीत तळाशी एक कापड होतं. काळे, पांढरे, तपकिरी बारीक त्रिकोण, ओळीने. एकदम आजकालचं वाटावं असं. जात्मिकोचे डोळे चमकले. "हे बघ! हे तर कॉम्प्युटरसाठीच काढलंय."

"आत्याला विचार आधी," मी म्हटलं.

"तिच्याकडे ढीग पडलाय. आणि ती मला कधी नाही म्हणालीय?"

ते मात्र खरं होतं. ती त्याला कधीच नाही म्हणाली नव्हती.

तिन्ही फळ्यांवर नक्षी जुळून यावी म्हणून त्याने कापडाच्या बरोबर मधल्या भागातून तुकडे कापले. दोन बाजूंचे दोन मोठे चौकोन आणि पुढच्या भागासाठी एक अरुंद चौकोन. उरलेलं घडी घालून पेटीत. काम मात्र सुरेख केलं हो, एका त्रिकोणाचं टोक इकडचं तिकडे झालं नाही. दुसरा नंबर आला. घरी चषक आला.

आत्या परत आली. पुढच्या खोलीत कॅबिनेट, आतून लाल-निळे दिवे, आणि बाहेरून तिचं कापड. ती दारातच थांबली. मग जवळ येऊन कापडावरून बोटं फिरवली.

"ताण बरोबर बसलाय," ती म्हणाली. "नक्षी मोडू दिली नाहीस."

"आवडलं ना आत्या?"

"उरलेलं कुठाय, पोरा?"

"पेटीत ठेवलंय."

"बरं." एवढंच म्हणाली आणि चहा मागितला.

आमच्याकडची मोठी माणसं ओरडत नाहीत. गप्प बसतात. आणि लहान माणसं त्या गप्प बसण्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावतात. आम्हीही लावला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी चहा घेता घेता, आत्या गेली.

घर माणसांनी भरलं. आत्याला पुढच्या खोलीत निजवलं होतं. कॉम्प्युटरवर कुराणाचं पठण लावलं होतं, म्हणून तो चालू होता. दिव्यांसकट. तेवढ्यात वारसिनी मावशी आली. आत्याच्या शेजारी बसून जिने जन्मभर मेण ओतलं ती बाई. गल्लीतली सगळ्यात तिखट जीभ.

"सूनबाई, पेटीतून तिचं स्लोबोग आण."

"ते काय असतं मावशी?"

"अगं, वरून घालायचं कापड! माणूस गेलं की अंगावर घालतात ते. त्रिकोणाचं. वाट मोकळी व्हावी म्हणून. तिने स्वतःसाठी काढून ठेवलंय. डोळे अधू झाले तरी काढलं. मला म्हणायची, वारसी, मला दुसऱ्याचं पांघरून पाठवू नकोस."

मी पेटीकडे न जाता जात्मिकोकडे पाहिलं.

शेवटी मावशीनेच पेटी उघडली. घडी बाहेर काढली. दोघी बायकांनी टोकं धरून कापड उलगडलं...

मधोमध भोकं होती. तीन चौकोनी भोकं.

आणि त्यातल्या एका भोकातून मला पलीकडे उभा असलेला जात्मिको दिसला.

मग एकेक नजर वळली. कॅबिनेटकडे. लाल... निळा... लाल.

मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. लाजेने माणूस मरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मेलो असतो तर सुटलो असतो.

"काढ ते," मावशी म्हणाली.

जात्मिको खाली बसला आणि पक्कडीने एकेक पिन उपसू लागला. टक्... टक्... भरल्या घरात तेवढाच आवाज. तुकडे सुटले, पण कडा दुमडून, कापून, गोंदाने कडक झालेल्या. अंगावरच्या कापडातल्या भोकांत ते बसवले तर चहूबाजूंनी फटी राहिल्या. गल्लीतली माणसं येत होती, बघत होती, मान खाली घालून जात होती.

मावशी मोठ्याने म्हणाली, "आयुष्यभर लोकांच्या लग्नाची वस्त्रं काढली बाईने, आणि स्वतः ठिगळं पांघरून चालली."

दफन झाल्यावर परत आलेलं ते कापड आणि तुकडेसुद्धा मावशीने आमच्या घरात ठेवले नाहीत. स्वतःबरोबर घेऊन गेली.

सातव्या दिवसाची प्रार्थना झाली. त्यानंतरच्या गुरुवारची तिन्हीसांज. मशिदीतली बांग नुकतीच संपली होती. मी दिवा लावत होते. जात्मिको उघड्याबोडक्या कॅबिनेटसमोर नुसताच बसला होता.

फू...

"पंखा आवाज करतोय तुझा," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "एन्दाह, कॉम्प्युटर बंद आहे."

फू...

त्याने भिंतीतला प्लग उपटला.

थोडा वेळ काही नाही.

मग... फू...

आणि वास आला. गरम मेणाचा. आमच्या घरात चूल पेटवून मेण वितळवायला आता कुणीच उरलं नव्हतं.

जात्मिकोने हात लावून पाहिलं. कॅबिनेटचा पत्रा कोमट होता. जिथे फळी बसायची, बरोबर तिथेच.

हे रोज होऊ लागलं. अंधार पडला की थांबायचं. रोज तेवढीच तिन्हीसांज. मी मावशीकडे गेले. वाटलं होतं, हाकलून देईल. तिने आत बोलावलं, ऐकून घेतलं.

"काम अर्धं राहिलं की तिला झोप लागायची नाही," ती म्हणाली. "पेटीत कोरं कापड ठेवा. आणि त्या तुझ्या नवऱ्याला सांग, माफी माग. मनातल्या मनात नाही, तोंडाने."

कोरं कापड तिनेच दिलं. आम्ही ते पेटीत ठेवलं. जात्मिको पेटीसमोर गुडघ्यांवर बसला.

"आत्या..."

खूप वेळ तसाच बसला आणि उठला. माफी काही त्याच्या तोंडून निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट गप्प होतं.

आवाज मागच्या खोलीतून आला. बंद पेटीतून.

फू... थोडी शांतता... फू...

किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. तिन्हीसांजेला आम्ही दोघं ओसरीवर जाऊन बसायचो. एकमेकांकडे बघायचो नाही. मग एका संध्याकाळी आवाज आलाच नाही. नंतरही नाही.

आम्ही मावशीला बोलावलं. भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघडून, तिने पेटीचं झाकण वर केलं.

कापडाची घडी आम्ही घातली होती तशीच होती. पण जड झाली होती. मावशीने उलगडली... मेणाची नक्षी. त्रिकोण. ओळीमागून ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ना रंग, ना डाग. नुसतं ताजं मेण.

"हा तिचाच हात," मावशी पुटपुटली.

मग तिने दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही कापड ताणून धरलं आणि मला ते दिसलं.

मधोमध तीन जागा कोऱ्या सोडल्या होत्या. दोन मोठे चौकोन. एक अरुंद. कडेने एकेक सरळ रेघ, जणू कात्रीसाठी आखून दिलेली.

जात्मिकोने त्या रेघेवर बोट ठेवलं. "आत्या, असं नको गं... असं नको करू..." लहान मुलासारखा रडत होता. तोंड फुटलं ते तेव्हा. पण फार उशिरा.

वारसिनी मावशीने हातातलं टोक सोडलं. चप्पल घातली आणि निघून गेली. नंतर म्हणे तिने कुणाला तरी सांगितलं, ही शिक्षा आहे.

असेल. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. शिक्षा भोगता तरी येते.

पण आत्याने त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. परत आली तेव्हा तिने आपलं कापड कापलेलं पाहिलं होतं, तरी तिने चहा मागितला होता. मग समजा, ती रागावलीच नसेल तर? समजा, बसून, अधू डोळ्यांनी, फुंकर मारत मारत तिने त्याच्यासाठी जागा सोडली असेल... घे पोरा, तुला लागेल, म्हणून?

तो विचार आला की मला या घरात उभं राहवत नाही.

कापड पेटीतच आहे. रंगवायला कुणी तयार नाही, जाळायची आमची हिंमत नाही.

काल तिन्हीसांजेला जात्मिको कॅबिनेटसमोर बसला होता. मी दिवा लावत होते. आणि त्याच्या अगदी पाठीमागून, मानेजवळून...

फू...

त्याने वळून पाहिलं नाही. मान खाली घातली.