दार न उघडलेला डबा

ही गोष्ट खरी आहे. नागसेन माझा मामेभाऊ, आणि त्याच्या छातीवरचे वळ मी स्वतः पाहिलेत.

भुतं रात्रीच निघतात असं ज्याला वाटतं, त्यानं नागपूरची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

जरीपटक्याच्या पुढे एक भंगारचं यार्ड आहे. नागसेन आणि त्याचा मोठा भाऊ देवाजी तिथे गॅस कटरनं लोखंड कापायचे. नॅरोगेज बंद झाली आणि त्या छोट्या गाडीचे जुने डबे तिथे तुटायला येऊ लागले.

डबा कापण्याआधी देवाजीची एक रीत होती. दोन्ही दारं सताड उघडायची. हातोड्यानं पत्र्यावर ठोकायचं आणि ओरडायचं, "उतरा हो सारे! गाडी इथंच संपते!" मग पाठ फिरवून एक बिडी ओढायची. ती विझली की कामाला लागायचं.

नागसेन हसायचा. "भाऊ, आपण विहारात जाणारी माणसं. भूतबित कुठं मानतो?"

"मानत नाही गा. पण इतकी वर्षं माणसं बसली याच्यात. सांगाले काय जाते?"

त्या दुपारी देवाजी जेवायला गेला होता. शेवटचा डबा उरला होता. ट्रेलरवरून आणताना उघडू नयेत म्हणून त्याची दारं वेल्डिंगनं बंद केलेली. मालकानं घाई लावलेली. दारं मोकळी करण्यात कोण गॅस घालवणार? नागसेननं ठोकलं, ओरडला, पाठही फिरवली.

दारं मात्र बंदच राहिली.

त्यानं कटर पेटवला. निळा रंग फुगून गळला. खालून लाल निघाला, त्याखालून पिवळट... जितक्या पिढ्या या डब्यात बसल्या, तितके थर.

आणि आतून टकटक झाली.

लोखंड तापलं की वाजतंच. तो कापत राहिला.

टकटक... मग धडधड. एका ठिकाणी नाही, अख्ख्या डब्यावर. आतून. तळव्यांनी.

कापलेला चौकोन आत पडला, आणि धडधड थांबली. सगळी एकदम.

तेवढ्यात देवाजी धावत आला. "दार उघडलं होतं का बे?"

नागसेननं बंद दाराकडे पाहिलं.

भोकातून हुंदका आला... लहान मुलाचा.

"यार्डातलं पोट्टं घुसलं अंदर!" देवाजी ओरडला. बंद डब्यात ते शिरलं कुठून, हे विचारायला कुणाला सुचणार? देवाजीनं भोकात खांद्यापर्यंत हात घातला. "ये बाळा, धर मले..."

कुणीतरी हात धरला.

त्याच क्षणी डबा हादरला. आतले सगळे एका बाजूला धावावेत तसा झुकला. वरचा अर्धवट कापलेला पत्रा सुटला आणि कोयत्यासारखा देवाजीच्या दंडावर बसला. रक्ताची चिळकांडी नागसेनच्या तोंडावर आली.

"दार!" देवाजी गुरासारखा ओरडत होता. "नागसेन, दार उघड!"

नागसेननं कटर दाराच्या वेल्डिंगला लावला. स्वतःची मांडी भाजली तेही त्याला कळलं नाही. शेवटचा टाका सुटला...

दार धाडकन उघडलं.

बाहेर कोणीच आलं नाही.

पण नागसेन उताणा पडला आणि त्याच्यावरून गर्दी गेली. पोटावर टाच. गळ्यावर टाच. बरगडी मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. तोंडावर बूट बसला आणि दोन दात घशात गेले. त्याला ओरडताही येईना.

मग सगळं शांत झालं.

डॉक्टरांनी विचारलं, "कुणी तुडवलं एवढं?" छातीवर ठसे काळेनिळे उठले होते. बुटांचे, चपलांचे, अनवाणी पायांचे. सगळे मोठ्या माणसांचे. लहान पाय एकही नव्हता.

डब्यातही मूल सापडलं नाही.

देवाजीचा हात खांद्यापासून काढावा लागला. भावाला त्यानं कधी बोल लावला नाही. एवढंच म्हणाला, "तो ओढत नव्हता गा. निस्ता धरून होता... अजून धरून हाय."

डॉक्टर म्हणतात, गेलेला हात कित्येक दिवस असल्यासारखा वाटतो. असेलही.

परवा जरीपटक्याच्या बाजारात आम्ही तिघं निघालो. देवाजी हल्ली फार हळू चालतो. रस्ता ओलांडताना रिकाम्या बाहीच्या बाजूला खाली बघतो, थांबतो, मग पाऊल टाकतो. मी बोलण्याच्या नादात त्याच बाजूनं चालू लागलो.

त्यानं मला घाईनं दूर सारलं.

"इकडून ये गा," तो हळूच म्हणाला. "तुह्या पायाखाली येईन तो."

मी बाजू बदलली.