मोजपट्टीवाली बाई

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. ज्या वेल्डरच्या बाबतीत हे घडलं, तो आजही त्याच वर्कशॉपमध्ये काम करतो. फक्त हल्ली कुणाच्या नजरेला नजर देत नाही.

पहिलं वादळ आलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले होते. दिवसचे दिवस लाइट नाही.

वेल्डरची थोरली बहीण त्याच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायची. शिवणकाम करायची. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर येऊन पडलेलं आणि मशीन विजेवर चालणारं. म्हणून त्याने वर्कशॉपमधला जनरेटर आणून तिच्या खिडकीखालच्या बोळात ठेवला. वर पत्रा होता. पाऊस येऊ नये म्हणून बोळाचं दारही ओढून घेतलं.

“अरे, अंगणात ठेव ना तो. सकाळपासून डोकं नुसतं ठणकतंय माझं.”

“आवाजाने दुखत असेल, ताई. खिडकी उघडी आहे ना? मग झालं तर! चहा घे, बरं वाटेल.”

आणि तो जेवायला गेला.

परत आला तेव्हा जनरेटर धडधडत होता.

मशीनचा आवाज मात्र... नव्हता.

ताई मशीनवर डोकं टेकून बसली होती. गळ्यात मोजपट्टी तशीच.

त्याने हाक मारली. खांदा हलवला.

ती गेली होती.

डॉक्टर म्हणाले, “जनरेटरच्या धुरात विषारी वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग. माणसाला वाटतं, नुसतं डोकं दुखतंय, गरगरतंय. खिडकी उघडी ठेवून भागत नाही. जनरेटर घराबाहेरच हवा, दारं-खिडक्यांपासून चांगला लांब.”

“तिने सांगितलं होतं मला,” वेल्डर एवढंच बोलला.

पुढच्या वर्षी पुन्हा वादळ आलं. भर दुपारी वीज गेली.

पलीकडच्या गल्लीतून धडधड ऐकू आली, तसा हातातलं काम टाकून तो पळत सुटला.

तिथल्या शाळामास्तरांच्या घरी पोचला, तर जनरेटर अंगणाच्या पार टोकाला. मास्तर त्यावर पत्र्याचा आडोसा करत होते.

“गॅरेजमध्येच होता हो,” मास्तर म्हणाले. “आत्ता एक बाई ओरडून गेल्या, म्हणून बाहेर काढला.”

“कोण बाई?”

“ओळखीच्या नव्हत्या. कपाळ गच्च दाबून धरलेलं. आणि गळ्यात...”

“गळ्यात काय?”

“मोजपट्टी होती. शिंप्याची असते ना, तशी.”



वेल्डर तसाच पुढे धावला. औषधाच्या दुकानात तेच. जनरेटर बाहेर, रस्त्याच्या कडेला. “आत्ताच गेल्या की त्या! तुम्हाला दिसल्या नाहीत?” दुकानदार म्हणाला.

त्याने गल्लीभर पाहिलं.

सरळ, मोकळी गल्ली. आणि तिच्यात... कुणीच नाही.

“ताई!” तो ओरडला. “अगं, थांब ना!”

गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या बाईंचं घर होतं. तिथेही जनरेटर अंगणात आलेला. वेल्डरने जाळीचं दार हलवलं. म्हातारी आतूनच बघत राहिली. कडी काही काढली नाही.

“आजी, ती बाई कुठे गेली? माझी बहीण आहे ती. एकदाच भेटू द्या.”

“म्हणजे तो तूच.”

“काय म्हणाली ती?”

म्हातारी दारापासून मागे सरकली.

“म्हणाली, मागून माझा भाऊ येईल...”

“आणि?”

“त्याचं ऐकू नका.”

आजही लाइट गेली की तो धावतो. ताई गेल्यापासून त्या भागात जनरेटरच्या धुराने कुणी दगावलेलं नाही. प्रत्येक घरी त्याला एकच उत्तर मिळतं... बाई आत्ताच पुढे गेल्या.

त्याला ती अजून एकदाही दिसलेली नाही.

दिसली, तर तिला काय सांगायचं, हेही त्याला अजून सुचलेलं नाही.